हंबीररावांच्या नावाचं रक्त

रक्षिता मेंदूवर काम करते ही बातमी गल्लीत पसरायला एक दुपार पुरली. पण काम करते म्हणजे नेमकं काय करते, हे तीन वर्षं झाली तरी एकाच्याही डोक्यात शिरलेलं नाही. ती पेशंट तपासत नाही, तिच्याकडं गोळ्या नाहीत, ती प्रयोगशाळेत बसून संशोधन करते, हे सांगून सांगून तिच्या जिभेला फोड यायची वेळ आली. पण पालथ्या घड्यावर पाणी. भाजीवाली मेथीची जुडी पिशवीत घालता घालता विचारायची, "बाई, माझं निम्मंच डोकं दुखतंय बघा. निम्मी गोळी घिऊ का सगळी?" इस्त्रीवाल्याला त्याच्या मेहुण्याच्या डोक्यात काही घालता येईल का ते हवं होतं, म्हणजे मेहुणा कामाला लागला असता. आणि गडहिंग्लजहून तिची आई गौराबाई फोनवर म्हणायची, "नावाम्होरं डॉक्टर लावतीस आन् माझ्या गुडघ्याचं इचारलं की कळत न्हाई म्हणतीस. मग इतकी वर्सं शिकलीस तरी काय?" ह्यावर रक्षिता फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावायची आणि जेवण झालं का ते विचारायची.

तर तिचं काम असं होतं. मेंदूत राखणीच्या पेशी असतात. डोक्याला मार बसला की त्या जाग्या होतात, मोडलंतोडलं उचलतात, झाडलोट करतात आणि परत गप पडतात. पण मार सारखाच बसत राहिला, तर त्यातल्या काहींना परत झोपच लागत नाही. राखणीचं कुत्रं घरच्यांनाच चावायला लागावं तशी त्यांची गत होते. ह्याला म्हणायचं मेंदूतली सूज. ही सूज वर्षानुवर्षं धुमसत राहिली तर म्हातारपणी कंपवात होतो का, माणूस विसरायला लागतो का, हे रक्षिताला शोधायचं होतं. त्यासाठी तिला उभ्या आयुष्यात डोक्यावर आपटलेली माणसं हवी होती. कोल्हापुरात त्यांना काय तोटा. ती ज्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होती, ते हंबीरराव म्हणजे तालमीचे वस्ताद, आणि तालीम घराच्या भिंतीला भिंत लावून. पहाटे शड्डू ऐकूनच ती उठायची.

हंबीररावांचं वय चौसष्ट. दूध संघातली नोकरी संपली तसे ते पूर्णवेळ वस्ताद झाले होते. दोन्ही कान मोडून गोळा झालेले, मान खांद्यात रुतलेली, आवाज असा की घरात "चहा टाक" म्हणाले तरी पलीकडच्या गल्लीतल्या बायका पातेलं चढवतील. जवानीत त्यांनी शेकड्यानं कुस्त्या केल्या. काही बरोबरीत सुटल्या असतील, पण त्यांची पाठ कधी मातीला लागली नाही. हे ते स्वतः कधी सांगत नसत, ते सांगायला उरलेलं गाव होतं. उजव्या हाताला कायम एक टॉवेल गुंडाळलेला असायचा आणि चहाची कपबशी डाव्या हातात. वस्ताद माणसाची ही ऐट असेल असं रक्षिताला वाटायचं. ती त्यांना मामा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला, शालूबाईंना, मामी.

तिनं पहिल्यांदा मेंदूतल्या सुजेचं सांगितलं तेव्हा हंबीरराव मन लावून ऐकत बसले. मग म्हणाले, "सूज हाय न्हवं? मग लेप लावू की. आंबेहळद आन् रक्तचंदन."

"आतली सूज आहे मामा. कवटीच्या आत."

"आतली म्हंजी मग दुधातनं हळद."

रक्षितानं कपाळाला हात लावला. पण माणूस दिलदार. पंचावन्नच्या पुढचे, कुस्ती सोडलेले वीस पैलवान हवेत म्हटल्यावर त्यांनी आठवड्यात वीस म्हातारे गोळा केले. प्रत्येकाला रक्षितानं ओसरीवर बसवून कागद वाचून दाखवला, समजलं का विचारलं, सही घेतली. रक्तात एक प्रथिन असतं, मेंदूतल्या नसा झिजल्या की ते वाढतं, आम्ही ते मोजणार, तुमच्याबरोबर निवृत्त मास्तरांचं आणि बँकेतल्या लोकांचंही मोजणार, असं सगळं सांगितलं.

"म्हंजी आमची जोड मास्तरांशी लावलीसा तुमी," हंबीरराव म्हणाले.

"जोड नाही मामा. तुलना. ह्यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही."

"बरं बरं," ते म्हणाले आणि बाकीच्या म्हाताऱ्यांकडं बघून मिशीतल्या मिशीत हसले. रक्षिताही हसली. खरं तर तिथंच तिनं कान धरून एकेकाला समजावायला हवं होतं.

रक्त घ्यायच्या दिवशी दुसराच पेच उभा राहिला. रक्त तालमीत घ्यायचं ठरलेलं, आणि तालमीच्या उंबऱ्याच्या आत बाईमाणूस जात नाही. शहरात पोरी आता कुस्त्या खेळून पदकं आणतात, पण ही तालीम जुन्या वळणाची. हंबीररावांनी तसं तोंडानं म्हटलं नाही. त्यांनी नुसती बाहेरच्या कट्ट्यावर सतरंजी अंथरून दिली. रक्षिताला राग आला, पण तिनं गिळला. वीस म्हातारे मुश्किलीनं जमलेले, त्यात उंबऱ्यावरून वाद कोण घालणार? तिनं आपल्या प्रयोगशाळेतल्या धैर्यशीलला आत पाठवलं. धैर्यशील हातकणंगल्याचा, हात असा हलका की सुई टोचलेली कळू नये. लहानपणी तोही ह्याच तालमीत यायचा. आतनं तो नावं पुकारत होता, बाहेर रक्षिता शालूबाईंनी आणलेला चहा पीत होती. म्हातारे फेटे बांधून आत गेले, तासाभरानं फेटे बांधून बाहेर आले. धैर्यशीलनं नळ्या आणून दिल्या, प्रत्येकीवर क्रमांक.

दोन आठवड्यांनी आकडे आले आणि रक्षिताला वेड लागायची पाळी आली.

हे प्रथिन वयाबरोबर वाढतंच. मास्तरांचं वाढलेलं होतं, बँकवाल्यांचं वाढलेलं होतं. आणि आयुष्यभर डोक्यावर आपटलेल्या ह्या वीस म्हाताऱ्यांचं रक्त कॉलेजातल्या पोरांसारखं. तिनं आधी मशीनला शिव्या घातल्या. मग रसायनाची तारीख बघितली. मग फ्रीजरवर संशय घेतला, कारण मधे एकदा वीज गेली होती. सगळं परत मोजलं. तेच. बेंगळुरूच्या तिच्या सरांना फोन केला तर ते म्हणाले, "मग लाल मातीत काही गुण असेल, शोधा." सर थट्टा करत होते की खरंच बोलत होते हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्याचाच तिला जास्त वैताग आला.

पण विसातला एक आकडा वेगळा होता. एकोणीस नळ्या पोरासोरांच्या असल्यासारख्या आणि विसावीत प्रथिन इतकं की तिनं तीनदा डोळे चोळले. इतकं वर जायला नुकताच डोक्याला जबर मार बसलेला असावा लागतो. तिनं कपाटातली यादी काढून क्रमांक जुळवला. नाव हंबीररावांचं.

त्या दिवशी तिचं कामात लक्ष लागेना. संशोधनातला आकडा हा काही दवाखान्यातला रिपोर्ट नव्हे, तो असा उठून माणसाच्या हातात द्यायचा नसतो, हे ती चार लोकांना शिकवत आलेली. पण रोज संध्याकाळी आपल्यासाठी भाकरी झाकून ठेवणाऱ्या घरातल्या माणसाचा आकडा असेल तर काय करायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं एका ओळखीच्या मेंदूच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, वाट कसली बघताय, घेऊन या.

सकाळी ती खाली उतरली. हंबीरराव ओसरीवर बसून डाव्या हातानं बदाम सोलत होते.

"मामा, तुमच्या डोक्याला अलीकडं काही लागलंय का?"

"माझ्या? आता माझ्या डोस्क्याला कोण हात लावतंय."

"पडलाय का कुठं? गाडीवरून, बाथरूममध्ये?"

"न्हाय बा. का?"

"तुमच्या रक्तात ते प्रथिन फार वाढलंय. महिन्याच्या आत मोठा मार बसल्यासारखं. मला थट्टा नकोय मामा. तुम्हाला आजच डॉक्टरांकडं यायला लागेल."

हंबीररावांच्या हातातला बदाम तसाच राहिला. हा माणूस आता "दुधातनं हळद" म्हणणार अशी तिची खात्री होती. पण त्यांचा चेहरा बघता बघता उतरला. त्यांनी हळूच विचारलं, "किती वाढलंय म्हणलीस?"

"पुष्कळ."

"शालू," त्यांनी आत हाक मारली, "गुंडू कुठं हाय?"

गुंडू हा त्यांचा मुख्य पठ्ठा. तेवीस वर्षांचा, कुरुंदवाडजवळच्या गावचा, जेवायला वस्तादांच्याच घरी. हल्ली तो घरातसुद्धा काळा गॉगल लावून बसायचा आणि दुपारभर झोपायचा. परवाच रक्षितानं जिन्यातून उतरताना त्याला विचारलं होतं, सिनेमात कधी चाललास म्हणून. शालूबाई म्हणाल्या, तालमीत असेल, आणि वर म्हणाल्या की त्या पोराचं हल्ली ध्यान ठिकाणावर नाही, जेवल्यावर परत विचारतोय की मी जेवलो का.

"मामा, गुंडूचं काय इथं?" रक्षितानं विचारलं.

हंबीरराव टॉवेलकडं बघत म्हणाले, "ते रगात गुंडूचं हाय."

रक्षिताला काही क्षण अर्थच लागेना. मग हंबीररावांनी सांगितलं ते असं. तालमीत रीतच आहे. वस्तादाला कुणी आव्हान दिलं तर वस्ताद उठत नाही. आधी पठ्ठा उठतो. पठ्ठ्याला पाडा, मग वस्तादाशी गाठ. धैर्यशीलनं "हंबीरराव" असं पुकारलं तेव्हा गुंडू उठला आणि त्यानं दंड पुढं केला. वस्तादाचा पठ्ठा उठला म्हटल्यावर बाकीचे म्हातारे काय कमी होते? एकेकानं आपापला पठ्ठा पुढं सारला. शिवाय जोड मास्तरांशी होती. तालमीच्या इभ्रतीचा प्रश्न होता.

"वीसही?" रक्षितानं विचारलं.

"वीस."

तिनं तिथूनच धैर्यशीलला फोन लावला. चौसष्ट वर्षांच्या माणसाच्या जागी तेवीस वर्षांचा दंड आला, तर तुला दिसला नाही का? धैर्यशील अगदी निरागसपणे म्हणाला, "दिसला की मॅडम. पण वस्तादाच्या नावावर पठ्ठा येतोच. त्यात काय सांगायचं?"

त्यावर रक्षिता जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही, निम्मं तर गडहिंग्लजकडच्या कानडीतच होतं. एका वर्षाची खटपट, सह्या, नळ्या, रसायनं, सगळं पंचगंगेला मिळालं होतं. ती हंबीररावांवर बरसली, त्यांच्या तालमीवर बरसली, त्यांच्या इभ्रतीवर बरसली. आणि मधेच तिच्या ध्यानात आलं की आपण नळ्यांबद्दल काय बोलतोय. आकडा खोटा नव्हता. फक्त डोकं दुसऱ्याचं होतं.

"गुंडूला कधी लागलं?"

"तीन आठवडं झालं. सरावात पोरानं उचलून टाकला, त्यो मातीच्या हौद्याच्या कठड्यावर डोस्क्यावर आला. थोडा वेळ डोळं मिटून पडला हुता. पाणी मारलं, उठला. मला वाटलं झालं."

"आणि आठवड्यानं तुम्ही त्याचं रक्त स्वतःच्या नावानं दिलंत."

रक्षितानं चप्पल काढली आणि सरळ तालमीत शिरली. आत गुंडू बैठका मारत होता, दर चार बैठकांनी भिंत धरत होता. दहा-बारा पैलवान जागच्या जागी थांबले. बाई आत आली हे कुणाच्या तोंडून निघालं नाही, तिचा चेहरा बघूनच. तिनं गुंडूच्या दंडाला धरून त्याला बाहेर आणलं, गॉगलसकट, आणि रिक्षात बसवलं.

डॉक्टरांनी तपासलं, मेंदूचे फोटो काढले. आत रक्तस्राव नव्हता, एवढंच काय ते बरं. पण पहिली सूज उतरायच्या आत डोक्याला दुसरा दणका बसला तर जीवावर बेतेल, नाहीतर जन्माचं अधूपण येईल, हे त्यांनी गुंडूला आणि हंबीररावांना समोर बसवून सांगितलं. आम्ही सांगू तोपर्यंत कुस्ती बंद. गुंडूनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण रविवारी एवढी एक करू का? मग बंदच करतो."

रविवारी त्याच्या गावच्या जत्रेचं मैदान होतं. पोस्टरवर त्याचा फोटो सगळ्यात वर, समोर गडहिंग्लजचा बसवेश. ह्या मैदानासाठी तो दोन वर्षं झिजला होता. आईबाप, भावकी, शाळेतली पोरं, सगळे बघायला येणार. आणि मैदानातला नियम साधा असतो. नाव पुकारलं आणि पैलवान उतरला नाही तर तो पळाला. कारण कुणी विचारत नाही. पळाला हे नाव मग लग्नातसुद्धा मागं येतं.

"मामा, तुम्ही सांगा त्याला," रक्षिता रिक्षात म्हणाली. "तो तुमचंच ऐकतो."

"बघू," हंबीरराव म्हणाले.

कोल्हापुरात 'बघू' म्हणजे काय हे रक्षिताला तीन वर्षांत चांगलं कळलं होतं. मग तिनं गुरुवारी समजावलं, शुक्रवारी समजावलं. दूध नासलं की कितीही ढवळा, त्याचं परत दूध होत नाही, असल्या उपमा देऊन झाल्या. गुंडूचं एकच, डॉक्टर कधी हौद्यात उतरलाय का. आणि हंबीरराव मूग गिळून बसलेले. शनिवारी ती म्हणाली, "तुम्ही त्याला उतरवलंत तर सोमवारी मी खोली सोडणार. आणि परत ह्या गल्लीत पाय ठेवणार नाही." शालूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हंबीरराव म्हणाले, "उद्या मैदानाला ये. येतीस न्हवं?" तिला वाटलं, ह्या माणसाच्या कवटीच्या आत मेंदू आहे की बदामाचा कूट.

तरी ती गेली. पोरगं पडलं तर निदान लगेच उचलून न्यायला कुणीतरी हवं, म्हणून गेली. येताना डॉक्टरांचा नंबर फोनवर काढून ठेवला होता. बायकांसाठी एका बाजूला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या केल्या होत्या, त्यातल्या एकीत ती शालूबाईंजवळ बसली. धुरळा, हलगी, माणूस मुंगीसारखं. माईकवरचा निवेदक प्रत्येक पैलवानाला वाघाच्या पोटी जन्माला घालत होता. पलीकडं जीपजवळ गुंडू उभा होता, अंगावर शर्ट, पण आत लंगोट कसलेला आहे हे तिला त्याच्या उभं राहण्यावरून कळलं. शेजारी हंबीरराव, हाताला टॉवेल.

शेवटची जोड पुकारली गेली. बसवेश हौद्यात उतरला, माती कपाळाला लावली, उड्या मारायला लागला. निवेदकानं गुंडूचं नाव घेतलं. गुंडूनं शर्टाच्या गुंड्या काढायला सुरुवात केली आणि रक्षिता ट्रॉलीत उभी राहिली.

हंबीररावांनी गुंडूच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला जीपच्या पायरीवर खाली बसवलं. आपला टॉवेल काढून त्याच्या मांडीवर टाकला. मग फेटा काढला, सदरा काढला आणि धोतराचा काचा मारून चालू लागले, सरळ हौद्याकडं. गर्दीला वाटलं म्हातारा पंच म्हणून चाललाय. पण ते हौद्यात उतरले.

"अहो मामी, हे काय करतायत?" रक्षितानं शालूबाईंचा हात पकडला. "त्यांना थांबवा. चौसष्ट वर्षांचे आहेत ते." तेवीस वर्षांचं डोकं वाचवायला चौसष्ट वर्षांचं डोकं आपटायचं, ही अक्कल फक्त ह्याच गावात असू शकते, असं रक्षिताच्या मनात आलं आणि संतापानं तिच्याच डोळ्यांत पाणी आलं.

हंबीररावांनी सलामीला हात पुढं केला. बसवेशनं तो हातात घेतला आणि हाताकडं जरा जास्तच वेळ बघत राहिला. हंबीरराव त्याला काहीतरी म्हणाले, ते कुणाला ऐकू आलं नाही. मग त्यांनी वाकून चिमूटभर माती घेतली, कपाळाला लावली, गुडघे टेकले, आणि सावकाश, म्हातारा माणूस अंथरुणावर आडवा होतो तसे मातीवर आडवे झाले. दोन्ही खांदे टेकवले. पाठ पूर्ण मातीला लावून ते आभाळाकडं बघत पडून राहिले.

हलगी थांबली. ज्यांनी त्यांच्या कुस्त्या बघितल्या होत्या ते म्हातारे बसल्या जागी उठून उभे राहिले. बसवेश चार पावलं मागं सरला, पंच नुसते एकमेकांकडं बघत होते. तेव्हा हंबीररावांचा आवाज आला, माईक नसताना सगळ्या मैदानाला पुरणारा.

"पाठ लागली न्हवं? गुंडूच्या नावावर मी उतरलो. जोड झाली. पोरगं पळालं म्हणून कुणी म्हणायचं न्हाय."

बसवेशनं त्यांना हाताला धरून उठवलं आणि खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. निवेदक विजेत्याचं नाव घ्यायचं विसरूनच गेला. जीपच्या पायरीवर गुंडू टॉवेलमध्ये तोंड घालून रडत होता.

सोमवारी रक्षितानं खोली सोडली नाही. ती प्रयोगशाळेत पोचली तर बाहेरच्या बाकांवर, पायऱ्यांवर, झाडाखाली वीस म्हातारे बसलेले. सगळे एका टेम्पोतून आले होते. पहारेकऱ्यानं विचारलं तर त्याला म्हणाले, रगात द्यायला आलोय, आमचं. रक्षिताला हसावं की ओरडावं कळेना. आता हे परत वाचून दाखवायचं, परत सह्या, संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीला सगळं खरं कळवायचं, बेंगळुरूच्या सरांना लाल मातीचा गुण म्हणजे काय ते सांगायचं. डोक्यावरून पाणी गेलं होतं. तरी तिनं एकेकाला बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. सह्या झाल्या. ह्या वेळी खोलीत ती स्वतः उभी राहिली.

हंबीरराव पहिले आले. खुर्चीत बसून त्यांनी डावा हात पुढं केला. धैर्यशीलनं पट्टा बांधला, दोन-तीनदा बोटानं चाचपलं आणि म्हणाला, "शीर मिळंना वस्ताद. उजवा द्या."

हंबीररावांनी आधी दाराकडं बघितलं. मग त्यांनी उजव्या हातावरचा टॉवेल सोडला.

हात टेबलावर ठेवला आणि तो थरथरायला लागला. अंगठा आणि बोटं आपलं आपण काहीतरी मोजत असल्यासारखी. ते दुसऱ्या हातानं दाबून धरायला गेले, पण रक्षितानं त्यांना दाबू दिलं नाही.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"दोन वर्सं झाली."

"तीन वर्षं मी तुमच्या डोक्यावर राहतेय मामा. मी काय काम करते ते रोज सांगतेय."

"सुई घेताना पोरं बघत्याली म्हणून गुंडूला उठीवलं," ते म्हणाले. "वस्तादाचा हात हाललेला पोरांनी बघू नये. बाकी ते रीतबीत मी मागनं लावलं."

रक्षिताला खूप बोलायचं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे स्वतःलाच ऐकवायचं होतं. कंपवातावर औषधं आहेत, दोन वर्षं आधी आला असतात तर ह्या हाताला दोन वर्षं आधी आराम पडला असता, हे तर ओरडून सांगायचं होतं. तिनं एवढंच केलं, त्यांचं मनगट आपल्या दोन्ही हातांत धरलं आणि हात स्थिर होईपर्यंत धरून ठेवलं. धैर्यशीलनं सुई घातली. नळी भरली.

मग त्यानं लेबल हातात घेतलं आणि पेन काढलं. सकाळीच मॅडमनी सक्त सांगितलं होतं की समोर कुणीही असो, नाव विचारल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. लहानपणापासून ओळखत असलेल्या माणसाकडं न बघता त्यानं विचारलं, "नाव?"

"हंबीरराव."

"सोता आलायसा?"

"व्हय," हंबीरराव म्हणाले. "सोताच आलोय."